उरक, तत्परता, वक्तशीरपणा : कर्नलच्या संहितेचे एक वाचन

१. तीन शब्द

इंग्रजीतला 'परफॉर्मन्स' हा शब्द संगणकाच्या संदर्भात मराठीत आणताना आपण 'कामगिरी' किंवा 'कार्यक्षमता' म्हणतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की या एका शब्दाच्या पोटात तीन निरनिराळे गुण आहेत आणि त्या तिन्हींना आपल्या घरात, शेतावर आणि कारखान्यात आधीपासून वेगवेगळी नावे आहेत. पुष्कळ काम हातावेगळे करण्याची ताकद म्हणजे उरक. हाकेसरशी ओ देणे म्हणजे तत्परता. ठरल्या वेळी, दर वेळी, न चुकता हजर असणे म्हणजे वक्तशीरपणा.

हे गुण एकमेकांचे मित्र नाहीत. ज्याच्या कामाला उरक आहे तो हाकेला ओ देईलच असे नाही, कारण तो हातातल्या कामात गढलेला असतो. प्रत्येक हाकेला धावणाऱ्याचे काम अर्धवट राहते. वक्तशीर माणूस दहा मिनिटे आधी येऊन बसतो. उरकाच्या हिशेबात त्याची ती दहा मिनिटे फुकट गेली. घर चालवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. संगणकाच्या प्रणालीत मात्र गेली तीस-पस्तीस वर्षे याच गोष्टीवरून वाद चालू आहे, आणि त्या वादाचा बराच भाग तिन्ही गुणांना एकच नाव दिल्यामुळे झालेला आहे.

प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ते सगळे कार्यक्रम या गाभ्याच्या परवानगीने चालतात. प्रोसेसर आत्ता कोणाच्या ताब्यात द्यायचा, स्मृतीतली कोणती जागा कोणाला द्यायची, बाहेरून आलेला संकेत कोणापर्यंत पोचवायचा, हे कर्नल ठरवतो. ही कामे सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा होतात. त्यामुळे कर्नलमधल्या काही मोजक्या ओळींवर साऱ्या यंत्राचा वेग अवलंबून राहतो, आणि जाणती माणसे त्या ओळी वर्षानुवर्षे घासत बसतात.

अशा ओळींचे वाचन वाङ्मयीन नियतकालिकात कशाला, असा प्रश्न येईल. माझे उत्तर साधे आहे. लिनक्स कर्नल ही माणसांनी माणसांसाठी लिहिलेली, हजारो हातांनी दुरुस्त झालेली, पाठभेद असलेली, संपादक असलेली संहिता आहे. तिला शैली आहे, संकेत आहेत आणि मूल्ये आहेत. जिथे मूल्ये आहेत तिथे समीक्षेला जागा आहे. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हतो. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात यंत्रांच्या देखभालीत आयुष्य गेले आणि कर्नल मी रात्री, छापील पानांवर पेन्सिलीने खुणा करत वाचला. त्यामुळे दाखले शॉप फ्लोअरचे येतील.

२. पट्ट्यातले दोन कर्नल

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरीत सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली टेल्कोचा कारखाना उभा राहिला, आकुर्डीला बजाज आली आणि पुढे चाकणपर्यंत पट्टा वाढत गेला. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला; मर्सिडीज आणि महिंद्रही तिथे आहेत. हा इतिहास लोखंडाचा म्हणून सांगितला जातो. त्याच्या जोडीने दुसरा इतिहास घडला, तो वाहनात शिरलेल्या संहितेचा. १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलच्या दुचाकींना आणि १ एप्रिल २०१९ पासून त्या गटातल्या सगळ्याच दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. २०२० साली भारत स्टेज सहा आला आणि लहान मोटरसायकलच्या इंजिनालाही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची गरज पडली. आज आपल्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाडीत एकाहून अधिक संगणक असतात.

त्या संगणकांत दोन जातींचे कर्नल भेटतात. पहिला अगदी छोटा. ब्रेक, इंजिन आणि एअरबॅग यांच्या नियंत्रकांत तो बसतो. त्याचे घराणे १९९३ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या ओसेक या प्रमाणापासून निघते आणि २००३ पासूनच्या ऑटोसारमध्ये पुढे चालते. हिंजवडीतल्या केपीआयटीसारख्या कंपन्यांत या घराण्यावर काम चालते. कोणती कामे असतील आणि त्यांचा मान काय असेल, हे सारे त्यात गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वीच ठरलेले असते. दुसरा कर्नल मोठा, म्हणजे बहुधा लिनक्स किंवा त्याच्यावर उभा असलेला अँड्रॉइड. डॅशबोर्डवरचा पडदा, नकाशा, गाणी, गाडीतून बाहेर जाणारी माहिती यांचा कारभार तो पाहतो. त्यात कोणते काम कधी येईल याचा नेम नसतो.

पहिल्याला वक्तशीरपणा हवा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो आणि क्रँकचा एक अंश साधारण २८ मायक्रोसेकंदांत सरतो. ठिणगीचा क्षण प्रत्यक्षात टायमरचे हार्डवेअर साधते. पण कोणत्या अंशाला ठिणगी पाडायची हे गणित त्याआधी तयार असावेच लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १० मिलिसेकंदांत १७ सेंटिमीटर पुढे सरकते. ब्रेकच्या नियंत्रकाने सरासरीने चांगले उत्तर दिले, एवढे सांगून भागत नाही. एका खड्ड्यात, एका ओल्या वळणावर ते उशिरा आले तर सरासरीचा आकडा काही कामाचा नाही.

३. उरक : जवळचे आणि लांबचे

कर्नल घासणाऱ्यांचे लक्ष पहिल्यांदा गेले ते उरकावर. इथली मुख्य अडचण अंतराची आहे. प्रोसेसरला अगदी लगतच्या कॅशमधली गोष्ट एका नॅनोसेकंदाच्या आसपास मिळते. मुख्य स्मृतीतून आणायची तर ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. फिटरच्या बाकावर पडलेला पाना आणि इश्यू स्लिप भरून स्टोअरमधून आणायचा पाना, यांच्यात जेवढा फरक, तेवढा हा समजावा. कर्नलमधल्या चपळ ओळींची निम्मी कारागिरी म्हणजे लागणारी वस्तू बाकावर राहील अशी मांडणी करणे.

ही मांडणी ६४ बाइटच्या गठ्ठ्यांनी होते. दोन प्रोसेसर दोन स्वतंत्र आकडे वाढवत असतील, पण ते आकडे एकाच गठ्ठ्यात बसले असतील, तर गठ्ठा एकाकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालत राहतो. दोन फिटरांची दोन निराळी जॉब कार्डे कोणीतरी एकाच फाइलला टाचून ठेवावीत आणि दोघांनी दिवसभर ती फाइल एकमेकांकडे मागत बसावे, तसा हा प्रकार. उपाय साधा आहे : कार्डे सुटी करा, प्रत्येकाला आपापली फाइल द्या. कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा मोजक असतो आणि बेरीज विचारली तरच केली जाते. इथे उरक वाढला, पण बेरीज विचारणाऱ्याला आता सगळ्या फाइली हिंडाव्या लागतात, आणि त्याने शेवटच्या फाइलीपर्यंत पोचावे तोवर पहिलीतला आकडा बदललेला असतो.

याहून देखणी युक्ती आरसीयू या नावाने ओळखली जाते. पॉल मॅकेनी यांनी ती मांडली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ती लिनक्सच्या २.५.४३ या आवृत्तीत आली. ती आणण्यात दीपंकर सरमा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता. कल्पना अशी. एसटी स्थानकावर वेळापत्रकाचा फलक आहे. वाचणारे पुष्कळ, बदलणारा एखादाच. फलक बदलताना वाचणाऱ्यांना अडवायचे नाही. नवा फलक शेजारी तयार करायचा आणि एका क्षणात पाटी फिरवून येणाऱ्यांना त्याच्याकडे वळवायचे. जुना फलक मात्र लगेच काढायचा नाही. तो वाचत उभा असलेला शेवटचा प्रवासी निघून गेला की मग काढायचा. वाचणाऱ्याला कुलूप नाही, रांग नाही, जवळजवळ काहीच खर्च नाही.

या युक्तीत वाट पाहणे संपलेले नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात गेले आहे. आता बदल करणारा वाट पाहतो, आणि जुन्या फलकाने अडवलेली जागाही वाट पाहते. बदल फारच भराभर होऊ लागले तर जुन्या फलकांचा ढीग साचतो. वाचणारे हजार आणि बदलणारा एक, या प्रमाणावर ती सारी युक्ती उभी आहे. प्रमाण उलटले की तिचा देखणेपणा ओझे होतो. वाटणी कोणाच्या सोयीने झाली हे न पाहता आरसीयूची स्तुती करणे म्हणजे कवितेचे वृत्त मोजून आशय सोडून देण्यासारखे आहे.

उरकाच्या तिसऱ्या युक्तीविषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्नलमध्ये अटीच्या आधी 'बहुधा' किंवा 'क्वचित' अशा अर्थाची खूण करता येते. मग कंपायलर नेहमीची वाट सरळ ठेवतो आणि क्वचित घडणाऱ्या गोष्टीच्या ओळी दूर, कोपऱ्यात नेऊन टाकतो. नेहमीचा प्रवास त्यामुळे सुकर होतो. पण क्वचित म्हणजे काय? बिघाड, नकार, जागा संपणे, भलतेच उत्तर येणे. या ओळी सर्वांत कमी चालतात, सर्वांत कमी तपासल्या जातात आणि गरज पडते तेव्हा कॅशमध्येही नसतात. सर्व्हरच्या धंद्यात हा सौदा योग्य आहे. एबीएसच्या नियंत्रकाला मात्र तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण एबीएसचे खरे काम क्वचितच पडते. जे यंत्र अपवादासाठीच बसवले आहे, त्यात नेहमीच्या वाटेची सोय हे पहिले मूल्य होऊ शकत नाही.

४. तत्परता : न्याय्य म्हणजे काय

प्रोसेसर कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाला शेड्यूलर म्हणतात. लिनक्सच्या शेड्यूलरचा इतिहास तत्परतेच्या शोधाचा इतिहास आहे. २.६ आवृत्तीतल्या पहिल्या शेड्यूलरचा निर्णय घेण्याचा वेळ कामांच्या संख्येवर अवलंबून नव्हता, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. मात्र समोर बसलेल्या माणसाचे काम कोणते आणि मागे दळत बसलेले कोणते, हे तो अंदाजाने ठरवी. जे काम जास्त वेळ झोपते ते माणसाच्या उत्तराची वाट पाहत असणार, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकला की माऊस अडखळे.

ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास हे पेशाने भूलतज्ज्ञ. स्वतःच शिकून त्यांनी शेड्यूलर लिहायला घेतला आणि आग्रह धरला, की अंदाज टाका, सरळ समान वाटणी करा. २००७ मध्ये इंगो मोलनार यांनी न्याय्य वाटणीचाच विचार घेऊन सीएफएस हा शेड्यूलर लिहिला. मोलनार यांनी कोलिव्हास यांचे ऋण नोंदवले, पण स्वीकारला गेला तो मोलनार यांचा. २.६.२३ मध्ये तो आला आणि कोलिव्हास त्या सुमारास कर्नलच्या कामातून बाहेर पडले. हौशी अभ्यासकाची कल्पना राहते आणि संहितेवर हात दुसऱ्याचा उमटतो, ही गोष्ट मराठी संशोधनाच्या वाचकाला नवी नाही.

सीएफएसच्या नावातच 'संपूर्ण न्याय्य' असा दावा आहे. प्रत्येक कामाने आजवर किती वेळ घेतला याची वही तो ठेवतो, आणि ज्याच्या नावावर सर्वांत कमी वेळ आहे त्याला पुढे बोलावतो. पंक्तीत वाढप्याने ज्याच्या पानात सर्वांत कमी आहे त्याच्याकडे आधी जावे, तसे. यात अन्याय नाही, पण एक आंधळेपणा आहे. एखाद्याला थोडेच हवे असते, मात्र आत्ता हवे असते. दुसऱ्याला पुष्कळ हवे असते, पण तासाभराने चालते. दोघांना शेवटी सारखे मिळाले म्हणून पहिल्याची गैरसोय टळत नाही.

ही उणीव २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत भरून काढण्याचा प्रयत्न झाला. आयन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ मध्ये मांडलेली ईईव्हीडीएफ ही पद्धत पीटर झिल्स्ट्रा यांनी शेड्यूलरमध्ये आणली. तिच्यात दोन प्रश्न सुटे केले आहेत : तुझे देणे किती शिल्लक आहे, आणि तुला केव्हापर्यंत हवे आहे. जो छोटा घास मागतो त्याची मुदत जवळची धरली जाते. एकूण वाटा तेवढाच राहतो, क्रम मात्र बदलतो. अट्ठावीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध उघडून आणलेली ही दुरुस्ती मला सीएफएसहून श्रेष्ठ वाटते. वेगाच्या आकड्यांमुळे नव्हे. 'किती' आणि 'केव्हा' या दोन प्रश्नांना एकाच वहीत कोंबायचे नाही हे तिने मान्य केले, म्हणून.

५. वक्तशीरपणा : वीस वर्षांची वाट

वक्तशीर लिनक्सची खटपट २००४ च्या सुमारास सुरू झाली आणि थॉमस ग्लाइक्सनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे दीर्घकाळ चालवली. प्रीएम्प्ट-आरटी या नावाने तिचे ठिगळ मुख्य संहितेबाहेर राहून दर आवृत्तीला नव्याने जोडले जात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनर यांनी शेवटची विनंती सोनेरी कागदात गुंडाळून लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती दिली, आणि १७ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या ६.१२ आवृत्तीत हे काम मुख्य संहितेचा भाग झाले.

तत्त्व असे : कर्नल स्वतःच्या कामात असला तरी त्याला थांबवता आले पाहिजे. पूर्वी कर्नलच्या हाती कुलूप असताना त्याला कोणी हात लावू शकत नसे. आता त्यातली बहुतेक कुलपे अशी केली, की ती धरून बसलेल्यालाही बाजूला सारून अधिक मानाचे काम पुढे जाते. बाहेरून येणारे व्यत्ययही सामान्य कामांसारखे रांगेत उभे केले. याने उरक कमी होतो. थांबणे आणि पुन्हा सुरू होणे यांचा खर्च असतो, आणि तो लपवता येत नाही.

थांबवण्याच्या सोयीतून एक जुना पेच उभा राहतो. शॉपमध्ये तातडीचा जॉब आहे; त्याला क्रेन हवी. क्रेन एका हेल्परच्या ताब्यात आहे आणि त्याचे काम दोन मिनिटांचे आहे. तेवढ्यात सुपरवायझर त्या हेल्परला तिसऱ्याच, मध्यम महत्त्वाच्या कामाला पाठवतो. आता तातडीचा जॉब हेल्परसाठी अडला आणि हेल्पर त्या मध्यम कामासाठी. कोणीही नियम मोडला नाही, तरी सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत मागे पडले. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमके हेच घडले आणि त्याचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला. उपाय लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० च्या निबंधात सांगितलेला होता : तातडीचे काम ज्याच्यासाठी अडले आहे, त्याला तेवढ्यापुरता तातडीच्या कामाचा मान द्या. यानाच्या प्रणालीत ही सोय होती, ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून ती चालू करण्यात आली. प्रीएम्प्ट-आरटीने हीच सोय लिनक्समधल्या त्या नव्या कुलपांना दिली.

शेवटपर्यंत अडून बसलेली गोष्ट कोणती होती, हे वाङ्मयाच्या वाचकाला रंजक वाटेल. ती होती कर्नलचे बोलणे. आपल्याला काय झाले हे कर्नल ज्या ओळींनी छापतो, त्या ओळी सावकाश चालणाऱ्या कन्सोलसाठी इतर सगळ्यांना खोळंबून ठेवत. न छापावे, तर मरताना काय झाले ते कळणार नाही. छापावे, तर वक्तशीरपणा जातो. साक्ष आणि वेग यांतला हा तंटा सोडवायला वर्षे लागली.

वक्तशीरपणा मोजण्याची रीतही वेगळी आहे. सायक्लिकटेस्ट नावाचा छोटा कार्यक्रम ठरल्या वेळी उठतो आणि किती उशीर झाला ते लिहून ठेवतो : सर्वांत कमी, सरासरी आणि सर्वांत जास्त. वक्तशीरपणा पाहायचा तर शेवटचा आकडा वाचायचा. लिनक्ससीएनसी या खुल्या प्रकल्पाने लेथ किंवा मिलिंग यंत्र चालवणाऱ्याला याचे कारण समजावावे लागत नाही. स्टेपर मोटरला एक पल्स उशिरा पोचला, की पावले चुकतात आणि जॉब स्क्रॅपमध्ये जातो. आधीचे लाख पल्स वेळेवर होते, हे स्क्रॅपच्या पेटीला सांगून उपयोग नसतो.

६. भाष्य

आतापर्यंत प्रत्येक युक्तीविषयी एकच प्रश्न विचारला : वाट पाहणे कोणाकडे गेले? हा प्रश्न विचारता आला, कारण कोणीतरी कारणे लिहून ठेवली होती. चपळ ओळींचा स्वभाव मात्र कारणे पुसण्याचा असतो. घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर हत्याराची खूण राहत नाही.

एक उतारा पाहू. एमआयटीत २००६ पासून शिकवण्यासाठी वापरला जाणारा एक्सव्ही६ हा छोटा कर्नल आहे. एका कामाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा त्यातला भाग, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी, फक्त २९ आज्ञांचा आहे : चौदा रजिस्टरे साठवा, चौदा भरा, परत जा. त्यात अट नाही, फेरा नाही. पण वाचताना माणूस चक्रावतो, कारण या दाराने जो आत शिरतो तो बाहेर येत नाही. बाहेर येतो तो पूर्वी कधीतरी याच दाराने आत गेलेला दुसरा. मधल्या कुठल्याशा ओळीवर 'मी' बदलतो, आणि संहितेत त्याची दखल घेणारा शब्दही नसतो.

शिवाय रजिस्टरे एकतीस असताना चौदाच का? उरलेली जपण्याची जबाबदारी, कंपायलरच्या संकेतानुसार, बोलावणाऱ्याने आधीच घेतलेली असते. ओळींचा आटोपशीरपणा संकेतातून आला आहे. ज्याला संकेत ठाऊक नाही त्याला इथे चूक दिसेल, आणि तो 'दुरुस्ती' करून वेग घालवेल. किंवा उलट, संकेत बदलला तरी चौदावरच विसंबून राहील. काव्यशास्त्रात आपण संकेताविषयी जे बोलतो ते इथे शब्दशः लागू पडते.

एक्सव्ही६ ज्याच्यावरून घडवला, त्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याच जागी एक प्रसिद्ध टिप्पणी होती : वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची. पुढे डेनिस रिची यांनी खुलासा केला, की ती दर्पोक्ती नव्हती, 'हे परीक्षेला नाही' या सुरातले ते वाक्य होते. आणि खरी अडचण म्हणजे काय चालले आहे ते आम्हालाही नीट कळलेले नव्हते. त्या आवृत्तीवर सिडनीच्या जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये ओळीओळीचे भाष्य लिहिले. सुमारे नऊ हजार ओळींची संहिता आणि शेजारी तिचा अर्थ. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात अशी संहिता शिकवायला बंदी घातली, आणि लायन्सचे भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरले. ते उघडपणे छापले गेले १९९६ मध्ये.

भाष्याची परंपरा आम्हा पट्ट्यातल्या लोकांना परकी नाही. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, शके १२१२ मध्ये. समाधी आळंदीला, चाकणहून काही मैलांवर. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकला करताना पाठ बिघडत गेले होते. मूळ संहिता, तिच्यावरचे भाष्य आणि त्या भाष्याचीही पाठशुद्धी, अशा तीन पायऱ्या आपल्याकडे होऊन गेल्या. कर्नलच्या जगात पहिली पायरी प्रचंड वाढली आहे आणि तिसरीची शिस्तही कडक आहे : प्रत्येक ठिगळ कोणीतरी वाचल्याशिवाय आत येत नाही. दुसरी पायरी अपुरी आहे. ती अपुरी आहे हे कर्नलच्या लोकांनाही जाणवते. स्मृतीच्या वाचन-लेखनाचा क्रम बांधणारी 'बॅरिअर' ओळ लिहून तिच्यावर टिप्पणी दिली नाही, तर कर्नलचे तपासणी-साधन हटकते. ती ओळ का आहे हे ओळीकडे पाहून कळत नाही; ती काढली तर बहुधा काहीच बिघडत नाही, आणि मग सहा महिन्यांनी बिघडते.

न लिहिलेल्या गृहीतकाची किंमत जानेवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाने मोजली. कर्नलला हाक मारणे जलद व्हावे म्हणून त्याची स्मृती प्रत्येक कार्यक्रमाच्या नकाशात, कुलूप लावून, आधीच मांडलेली असे. प्रोसेसर त्या कुलपाचा मान राखेल, हे गृहीत होते. प्रोसेसरने मात्र आपल्या उरकासाठी परवानगी तपासण्याआधीच अंदाजाने पुढे वाचायची सवय लावून घेतली होती. दोन चपळाया एकत्र आल्या आणि मेल्टडाउन नावाची फट उघडली. उपाय म्हणून नकाशे वेगळे करावे लागले आणि कर्नलला वारंवार हाक मारणारी कामे मंदावली. इतकी वर्षे भोगलेल्या वेगाचा काही भाग उसना होता, असे तेव्हा दिसले.

वाहनाच्या बाबतीत भाष्य न्यायालयातही लिहिले गेले. २०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा इथे टोयोटाविरुद्धच्या बुकआउट खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने इंजिन-नियंत्रकाची संहिता वाचून साक्ष दिली, की स्मृतीतल्या एखाद्या बिघाडाने एक महत्त्वाचे काम गुपचूप बंद पडू शकते आणि ते पकडणारी व्यवस्था अपुरी आहे. त्याआधी २०११ मध्ये नासाच्या तपासात इलेक्ट्रॉनिक कारणाचा पुरावा सापडला नव्हता. ज्यूरीने निकाल वादीच्या बाजूने दिला. खरेखोटे काय याचा निवाडा मी करणार नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्या संहितेचे बारकाईने वाचन अपघातानंतर आणि वकिलांच्या खर्चाने झाले.

७. मर्यादा आणि एक सूचना

शॉप फ्लोअरचे दाखले मी मुक्तपणे वापरले. त्यांची मर्यादाही सांगायला हवी. कर्नलमधल्या कामाला मध्येच थांबवून बाजूला ठेवता येते आणि चौदा रजिस्टरे परत भरली की ते जिथे होते तिथून पुढे चालते. एका लाइनवरून दुसरीवर हलवलेल्या कंत्राटी कामगाराला असे करता येत नाही. त्याचा हात बसायला वेळ लागतो, आणि त्याच्या मनात थांबवल्याची नोंद राहते. संगणकातही बदलानंतर कॅश थंड पडलेली असते आणि काम काही काळ मंद चालते. पण त्या मंदपणाला अपमानाची बाजू नसते. शेड्यूलरचा 'न्याय' माणसांच्या वाटणीला लावू पाहणाऱ्या व्यवस्थापनशास्त्राकडे म्हणूनच संशयाने पाहावे. उलट दिशेने मात्र शिकता येते : माणसांच्या अनुभवातून आलेले उरक आणि वक्तशीरपणा हे शब्द यंत्राच्या संहितेतला गोंधळ उलगडतात.

मराठीत संगणकावर लेखन नाही असे नाही. अच्युत गोडबोले यांनी सामान्य वाचकासाठी विपुल लिहिले. ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीत आहे. मराठीतल्या या लेखनाचा भर संकल्पना सांगण्यावर राहिला. संहिता समोर ठेवून ओळीओळीचे वाचन माझ्या पाहण्यात आलेले नाही. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरांची दालने आहेत; मराठीचे नाही. आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले-मुली उद्या याच पट्ट्यात ब्रेकच्या नियंत्रकाची संहिता लिहिणार आहेत. शेड्यूलरची व्याख्या त्यांना परीक्षेपुरती पाठ असते. मुदत जवळ आली, प्रोसेसरवरचा भार वाढला, आणि 'अमुक टक्के वेगवान करा' असा निरोप आला, तर कोणता गुण विकून कोणता घ्यायचा हे विचारण्याची भाषा त्यांच्यापाशी असायला हवी.

म्हणून सूचना लहान आहे. लिनक्स अवाढव्य आहे, तो बाजूला ठेवावा. एक्सव्ही६ काही हजार ओळींचा आहे आणि मोकळा आहे. त्याच्या शेड्यूलरवर आणि त्या २९ आज्ञांवर मराठीत भाष्य लिहायला घ्यावे; डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर अर्थ. घासलेल्या प्रत्येक ओळीखाली तीन गोष्टी नोंदवाव्यात : हिने कोणाचा वेळ वाचवला, आता वाट कोण पाहते, आणि कोणत्या संकेतावर विसंबून. या कामाचा पहिला भाग, दार ओलांडताना 'मी' बदलतो त्या ओळींचा, मी लिहायला घेतला आहे. ज्यांना प्रोसेसर कळतो आणि ज्यांना मराठी गद्य कळते, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांची त्याला गरज आहे.